मदत हवी आहे : दोन संस्कृतींत वाढणाऱ्या मुलांच्या गोष्टी

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो, लेक दहा वर्षांची. मराठी समजतं, पण आजीशी फोनवर बोलताना ‘मी गेला’ म्हणते आणि मग स्वतःच हसते. हल्ली डब्यात साबुदाण्याची खिचडी नको म्हणते. कारण विचारलं तर ‘असंच’.

मध्यंतरी लायब्ररीतून थान्हा लाय यांचं ‘इनसाइड आउट अँड बॅक अगेन’ आणलं. १९७५ साली व्हिएतनाममधलं सायगाव सोडून अमेरिकेतल्या अलाबामात आलेल्या, ‘हा’ नावाच्या दहा वर्षांच्या मुलीची गोष्ट, सगळी मुक्तछंदात. नववर्षाच्या पहाटे घरात आधी पुरुषाचं पाऊल पडायला हवं म्हणून ही पोरगी सगळ्यांच्या आधी उठून अंगठा जमिनीला टेकवते! लेकीने ते पान मला तीनदा वाचून दाखवलं. पुढे अलाबामात ‘हा’ला सुकवलेली पपई मिळते, ती तिला अजिबात पटत नाही. तिथे मात्र आमच्या बाईसाहेब गप्प झाल्या.

तर, या वयाला झेपेल असं आणखी काय आहे? मराठीत असेल तर सोन्याहून पिवळं, पण छोटी वाक्यं आणि मोठा टाइप हवा. जोडाक्षरांशी अजून झटापट चालते. परदेशातलंच हवं असं नाही. गाव सोडून मुंबईत आलेलं किंवा घरी एक भाषा न् शाळेत दुसरी बोलणारं मूलही चालेल. फक्त शेवटी ‘आपली संस्कृती थोर’ असं भाषण नको, ते आम्ही घरी देतोच.

दिवाळीत भाऊ पुण्याहून येतोय, त्याच्या बॅगेत चार पुस्तकांपुरती जागा आहे.