शब्दचर्चा : ‘उदास’, ‘निराश’ आणि ‘हात उठत नाही’

दिवाळीला आत्याकडे गेले होते. तिने तीन दिवस तांदूळ भिजवले होते, रोज पाणी बदललं होतं, पीठ गुळात मळून डब्यात भरून ठेवलं होतं. अनारसे मात्र तळलेच नाहीत. विचारलं तर म्हणाली, “हात उठत नाही गं.” घरचे म्हणाले, उदास झाली आहे, होईल ठीक. डिप्रेशनला मराठीत नेमकं काय म्हणायचं? उदास, निराश, खिन्न?

—

‘उदास’ नको. मूळ उद् + आस्, म्हणजे बाजूला बसलेला, अलिप्त. तुकोबांचं ‘जोडोनिया धन उत्तम वेव्हारें, उदास विचारें वेच करी’ आठवा. तिथे उदास म्हणजे दुःखी नव्हे, धनाची आसक्ती नसलेला. आज आपण तो शब्द संध्याकाळच्या हुरहुरीलाही वापरतो, त्यामुळे आजाराला तो फार हलका पडतो.

‘नैराश्य’ छापील मराठीत रुळलाय, पण मला तो खटकतो. निराशेला कारण लागतं. पगारवाढ झाली नाही, निराशा झाली. या आजारात सगळं हाताशी असूनही माणूस खचतो. मग घरचे विचारतात, “तुला कमी काय आहे?” आणि त्या माणसाला आणखी अपराधी वाटतं.

—

‘खचतो’ हाच शब्द मलाही जवळचा वाटतो. अवसाद आणि विषाद, दोन्हींत ‘सद्’ धातू आहे : खचणं, गळून जाणं. गीतेचा पहिला अध्याय अर्जुनविषादयोग. त्यात अर्जुन दुःखाआधी शरीराचं सांगतो : गात्रं गळतात, तोंडाला कोरड पडते, गांडीव हातातून निसटतं. तुमच्या आत्याचं ‘हात उठत नाही’ याच जातीचं आहे. ते आळसाखाली ढकलू नका.

सणात ‘करमत नाही’ हेही ऐकू येतं, पण ते वेगळं. मुलं परदेशी, घर रिकामं, म्हणून करमत नाही. चार माणसं आली की करमतं. घर भरलेलं असूनही कशातच मन लागत नसेल, तर कान टवकारा.

—

मी समुपदेशनाचं काम करते. दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन खचलेलं किंवा आवडीच्या गोष्टीतला रस गेलेला. सोबत झोप, भूक बिघडलेली, थकवा, ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ असं बोलणं. एवढं दिसलं की शब्दाचा निकाल लागायची वाट बघू नका, डॉक्टरांकडे न्या. “जगणं नकोसं वाटतं का?” हेही सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

—

मूळ प्रश्न माझाच. काल आत्याजवळ बसून विचारलं, झोप लागते का. म्हणाली, पहाटे तीनला डोळे उघडतात, मग छताकडे बघत पडते. दसऱ्यापासून असंच चाललंय. गुरुवारी डॉक्टरांकडे जातोय. तिला कुठलाच शब्द मी सुचवणार नाही, तिचे आहेत तेच तिने सांगावेत.