व्यसनी माणूस आरोपी की पेशंट?

खडीसाखर: ड्रग्ज घेताना सापडलेल्याला तुरुंगात टाकून नेमकं काय साधतं? विकणाऱ्याबद्दल मी बोलत नाहीये, त्याला खुशाल आत टाका. पोर्तुगालने २००१ पासून स्वतःपुरता, म्हणजे साधारण दहा दिवसांचा साठा बाळगणं गुन्ह्यातून काढलं. बंदी आहेच, पण सापडलेला माणूस कोर्टाऐवजी एका समितीपुढे जातो आणि उपचाराची गोष्ट तिथे निघते.

तिरकस: आलं पोर्तुगाल! अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्याचं कोण सांगणार? तिथेही २०२१ मध्ये हेच केलं. शंभर डॉलर दंड, हेल्पलाइनला फोन केला तर तोही माफ. फोन करणारे अगदी मोजके निघाले आणि २०२४ मध्ये बाळगणं पुन्हा गुन्हा ठरलं. माझा चुलतभाऊ कोर्टाने पाठवलं म्हणून उपचाराला गेला. त्याआधी काकूने चार वर्षं त्याच्या विनवण्या केल्या होत्या.

खडीसाखर: ऑरेगॉनमध्ये शिक्षा आधी गेली, उपचारांचा पैसा मागून रखडत आला. त्यात नेमकं तेव्हाच फेंटानिल हे हेरॉइनपेक्षाही जहाल ड्रग पसरलं. नुसत्या फोन नंबरला उपचार म्हणायचं का?

मी_माधवी: मी सहसा फक्त वाचते, आज लिहिते. आमच्या ओळखीतला एक मुलगा आठ महिने आत होता. सुटून आल्यावर छान जेवला, हसला. चौथ्या दिवशी बाथरूमची कडी तोडावी लागली. त्याने जुनाच डोस घेतला होता, पण शरीराची सवय आत असतानाच गेली होती. सुटकेनंतरचे पहिले दोन आठवडे फार धोक्याचे, हे आम्हाला नंतर कळलं. आत असतानाच मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे हेरॉइनसारख्या नशेची तलफ आवरणारं औषध, सुरू केलं असतं, सोडताना घरच्यांच्या हाती अशा नशेचा डोस जास्त झाल्यावर उतारा म्हणून द्यायचं नॅलॉक्सोन दिलं असतं तर... जाऊ दे.

तिरकस: माधवी, वाईट वाटलं. यावर वाद घालणार नाही. पण काकू अजून कपाटाची किल्ली उशाखाली घेऊन झोपते. पेशंट म्हटलं की घरच्यांनी सगळं सोसायचं, असं होतं ना?

खडीसाखर: अजिबात नाही. चोरी केली तर चोरीचा गुन्हा लावा. नशा केली एवढ्यासाठी नको.

तिरकस: आणि उपचाराला नाहीच म्हणाला तर?

मी_माधवी: तर महिन्याने पुन्हा विचारायचं. आम्ही दोनदाच विचारलं होतं.