सुट्टीतल्या प्रवासाचे फोटो गाण्याच्या बैठकीत दाखवावेत का?

खरजातला

आमचं गाणं ऐकणाऱ्यांचं एक लहानसं वर्तुळ आहे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो, जुन्या मैफिलींची ध्वनिमुद्रणं दोन तास ऐकतो, मग चहा आणि गप्पा. दिवाळीच्या सुट्टीत मी आणि बायको मिरज, कुंदगोळ, धारवाड अशी गाण्याची गावं फिरून आलो. परवाच्या बैठकीत फोन टीव्हीला जोडला आणि वीसेक मिनिटं फोटो दाखवले, तिथले किस्से सांगितले. शेवटी आमच्यातले एक ज्येष्ठ, ज्यांच्या कानाबद्दल मला फार आदर आहे, शांतपणे म्हणाले, "आपण इथं ऐकायला जमतो. सहलीचे फोटो ज्यानं त्यानं आपल्या घरी बघावेत." ते रागावून बोलले असते तर इतकं लागलं नसतं.

माझं मत स्पष्ट आहे. असे फोटो आणि किस्से आपल्याच माणसांत सांगायचे असतात. दुसरीकडे कुठं सांगणार? ऑफिसात 'मिरजेला गेलो होतो' म्हटलं तर 'दवाखान्यात का?' असं विचारतात.

किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांचं झिंझोटी रागातलं ध्वनिमुद्रण मी पंचवीस वर्षं ऐकतो आहे. 1937 साली पाँडिचेरीला जाताना वाटेत त्यांना बरं वाटेना, म्हणून ते सिंगपेरुमाळकोविल स्टेशनवर उतरले आणि तिथंच गेले. त्यांना मिरजेला आणून मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. हे सगळं मला माहीत होतंच. पण कबरीपाशी उभा राहिलो तेव्हा बाजूला फुलं विकणाऱ्या बाईंनी विचारलं, "गाण्यातले का?" मी म्हटलं, ऐकण्यातला. त्या म्हणाल्या, "मग उरुसात या. चिंचेखाली गाणं असतं, रात्रभर बसा." बैठकीत हे सांगितलं आणि लगेच झिंझोटी लावली. त्या दिवशी खोलीत कुणी पाण्याचा पेलासुद्धा उचलला नाही. ही वीस मिनिटं वाया गेली असं मला मान्य नाही.

तुम्हाला काय वाटतं?

विलंबित

तुमच्या ज्येष्ठांशी मी पूर्ण सहमत आहे, आणि कारण सांगतो.

दोन तासांतली वीस मिनिटं म्हणजे संथ लयीतला एक अख्खा बडा ख्याल. तो त्या दिवशी ऐकायचा राहिला. आज ऐकण्यासाठी एकत्र बसणं हीच दुर्मीळ गोष्ट झाली आहे. फोटो फोनवर पाठवता येतात, जो तो रात्री झोपताना बघेल. शांतता पाठवता येत नाही. ती दहा माणसांनी एका खोलीत बसूनच तयार होते.

दुसरं, गाणं ऐकण्याआधी तुम्ही लोकांच्या डोक्यात स्टेशन, कबर, मृत्यू घातलात. मग त्यांना करुण वाटणारच! झिंझोटी ऐकली की कहाणी ऐकली, हे कसं ठरवायचं? मी नव्या श्रोत्याला गायकाचं नावही आधी सांगत नाही. आधी सूर कानावर पडू दे, माणूस कोण ते मागाहून कळलं तरी चालतं.

माजघर

विलंबित, तुमचा वेळेचा मुद्दा पटला, दुसरा नाही पटला.

संगीताचे अभ्यासक विष्णु नारायण भातखंडे व्यवसायानं वकील. 1904 साली ते दक्षिणेत फिरले, एट्टयपुरमला जाऊन कर्नाटक संगीताचे जाणकार सुब्बराम दीक्षितांना भेटले, पुढे कलकत्ता आणि उत्तर हिंदुस्थान पालथा घातला. कुठं कोण भेटलं, काय विचारलं, कुणी काय टाळलं, हे सगळं रोज लिहून ठेवलं. आज आपण दहा थाटांची, म्हणजे रागांच्या दहा गटांची, भाषा बोलतो त्यामागं ती पायपीट आहे. त्याच्या आधी गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरपर्यंत गेले, म्हणून ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आली. आपल्याकडे गाणं पायांनी आलंय. कुठून आलं ते विसरून नुसता सूर ऐका, हे मला जमत नाही.

मी स्वतः गायिका गंगूबाई हनगल यांच्यासाठी कुंदगोळला गेले होते. हुबळीहून त्या आपले गुरू सवाई गंधर्व यांच्याकडे शिकायला रेल्वेनं जायच्या, रोज जाऊन-येऊन. हुबळी-कुंदगोळ अंतर वीसेक किलोमीटर. आपण ते वाचतो आणि 'केवढे कष्ट!' म्हणून पुढं जातो. मी त्याच मार्गानं गेले. खिडकीबाहेर काळी जमीन, सपाट, लांबपर्यंत आडोसा नाही. शिकवणी संपवून संध्याकाळी स्टेशनवर गाडीची वाट बघणारी तरुण मुलगी मला तेव्हा पहिल्यांदा दिसली. त्यानंतर त्यांचा तो भारदस्त, थांबून लागणारा षड्ज, म्हणजे 'सा', माझ्यासाठी वेगळा झाला. त्याला तुम्ही 'कहाणी ऐकणं' म्हणा हवं तर.

जुवारी_पार

मी गोव्याची. माझा अनुभव दोन्ही बाजूंना बसत नाही.

गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी हे गाव सांगे तालुक्यात. साळावली धरणात ते गेलं, माणसं वाडें आणि वालकिणीला हलवली. मे महिन्यात पाणी उतरलं की गाव वर येतं: घरांची जोती, विहिरी, झाडांचे बुंधे. माझ्या आजीचं माहेर तिथलं. वर्षातून एकदा आमची माणसं सोमेश्वराच्या उत्सवाला तिथं जमतात, आणि आजी जिवंत होती तोवर ती एका जोत्यावर जाऊन बसायची. ते तिचं स्वयंपाकघर होतं. चूल कुठं होती ते हातानं दाखवायची.

अलीकडे तिथं गाण्याचे चाहतेही येतात. येऊ देत, मला आनंदच आहे. पण मागच्या खेपेला एक गट आला, आमच्याच जोत्यावर उभं राहून, हात पसरून फोटो काढले, खाली मोगूबाईंचं नाव. तिथं बसलेल्या एकाही म्हाताऱ्या माणसाला त्यांनी विचारलं नाही की हे कुणाचं घर. मोगूबाईंना लहानपणीच आईबरोबर ते गाव सोडावं लागलं, हेसुद्धा त्यातल्या किती जणांना ठाऊक होतं कोण जाणे. अशा फोटोंनी कुठलंच गाणं जवळ येत नाही.

खरजातला, तुम्ही फुलवाल्या बाईंचं बोलणं सांगितलंत ते मला आवडलं. तुम्ही तिथल्या माणसाशी बोललात. माझी अट तेवढीच. फोटो दाखवायचा असेल तर त्यात कुणाचं घर आहे ते सांगता आलं पाहिजे.

मेलबर्नची_मालती

मी फोटोंच्या बाजूनं, आणि अगदी मनापासून. चौदा वर्षं बाहेर आहे. भारतात येणं दोन-तीन वर्षांतून एकदा, तेही आईच्या दवाखान्याच्या फेऱ्यांत संपतं. डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्व महोत्सव असतो तेव्हा मला रजा मिळत नाही. माझी एक मैत्रीण दर वर्षी मला तिथले फोटो पाठवते: रात्रीच्या थंडीत शाली पांघरलेली माणसं, जमिनीवरच्या भारतीय बैठकीत मांडीवर डोकं ठेवून झोपलेलं कुणाचं तरी पोर. सोबत चार ओळी, कोण काय गायलं, कुठं दाद आली. त्या चार ओळी वाचून मी तो राग लावते आणि इकडच्या उन्हाळ्यात ऐकत बसते.

विलंबित, तुम्हाला बैठक मिळते. ज्यांना मिळत नाही त्यांच्यासाठीही विचार करा एवढंच म्हणते.

विलंबित

मालतीताई, तुमच्याबद्दल मी असं म्हणत नव्हतो. चार ओळी वाचून तुम्ही राग लावता, म्हणजे शेवट ऐकण्यातच होतो. माझं भांडण शेवट फोटोतच होतो तेव्हाचं.

माजघर, स्टेशनवरची मुलगी वाचली. उत्तर नाही माझ्याकडे. तरी बैठकीचे दोन तास मी सोडणार नाही. चहाच्या वेळी बोला, हवं तितकं बोला.

कोमल_रिषभ

मी जन्मापासून पाहू शकत नाही. स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर हा धागा ऐकतो आहे.

आमच्याही गटात सुट्टीनंतर फोटो येतात. माझ्या फोनवर ऐकू येतं, 'चित्र', 'चित्र', 'चित्र'. अठरा वेळा. खाली सगळे 'वा', 'सुंदर' लिहितात. मी काय लिहू? विलंबित यांच्या बैठकीत मी बरोबरीचा असतो, कदाचित दोन पावलं पुढं. फोटो सुरू झाले की बाहेर पडतो. हे कुणी मुद्दाम करत नाही, ठाऊक आहे.

किस्से मात्र मला हवेत. माजघर यांची काळी जमीन, आजीचा चूल दाखवणारा हात, हे माझ्यापर्यंत पोचलं.

खरजातला, एक विचारू? मिरजेत गेलात म्हणजे वाद्यं बनवणाऱ्यांच्या सतारमेकर गल्लीत गेला असालच. मी तंबोरा वाजवतो, पण जवारी काढताना, म्हणजे तार घुमावी म्हणून घोडी घासताना, कधी जवळ बसलेलो नाही. तिथं काय ऐकू येतं?

खरजातला

गेलो होतो. दुकानाचे सतरा फोटो आहेत माझ्याकडे: छताला टांगलेले पंढरपूरकडचे भोपळे, नुसत्या दांड्या, खुंट्यांची टोपली. आवाज एकही घेतलेला नाही. तुमचा प्रश्न वाचल्यावर फोन शोधला तेव्हा हे लक्षात आलं. त्यामुळं आठवणीतून सांगतो.

कारागीर जमिनीवर बसले होते, तंबोरा मांडीवर आडवा. घोडीवरची, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवरची, तार त्यांनी बाजूला सारली आणि कानस फिरवली. पहिल्यांदा खरखर होती, लाकूड घासल्यासारखी. दोन-तीन हात मारले, तार परत जागेवर, छेडली. आवाज बसका होता, लगेच विझला. पुन्हा तार बाजूला. या खेपेला कानस इतकी हलकी की कागदावर बोट फिरवल्यासारखं ऐकू येत होतं. असं किती वेळा झालं मोजलं नाही, अर्धा तास तरी गेला. मधे बाहेरून मोटारसायकल गेली की ते हात थांबवायचे, ती लांब जाईपर्यंत वाट बघायचे. मग शेवटी तार छेडली आणि ती थांबेचना. आधी षड्ज, मग त्याच्या आतून वर काहीतरी फिरत, उलगडत गेलं. त्यांनी तारेखाली दोरा सरकवला, केसभर पुढं, केसभर मागं, आणि मान एका बाजूला केली. बायकोनं माझा दंड धरला होता.

फोटो काढणं मी तेव्हा थांबवलं होतं, म्हणून बहुधा हे लक्षात राहिलं. ज्येष्ठांना उद्या फोन करतो. पुढच्या महिन्यात चहानंतर हे सांगेन, टीव्ही न लावता.

कोमल_रिषभ

मोटारसायकल लांब जाईपर्यंत थांबायचे, हे मला माहीत नव्हतं. उरुसाच्या वेळी मीही येतो. गल्लीत नेऊन बसवाल का?

खरजातला

नक्की. मिरज स्टेशनवर घ्यायला येतो.