सबअरॅक्नॉइड रक्तस्राव (मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव), सहावा दिवस, सोडियम १२८: पाणी तोडायचं का?

स्टाफ नर्स, सिंहगड रोड
बाई, वय ५२. अ‍ॅन्युरिझम (मेंदूच्या धमनीचा फुगा) फुटलं, दुसऱ्या दिवशी कॉइलिंग (तारेच्या वेटोळ्यांनी फुगा बंद करणं) झालं. सोडियम परवा १३८, आज १२८. चोवीस तासांत आत ३.१ लिटर, लघवी ४.६ लिटर. जीभ कोरडी, नाडी ११०, सकाळपासून बोलणं मंदावलंय. ऑर्डर आहे: एसआयएडीएच (एडीएच हॉर्मोन जास्त झाल्याने सोडियम उतरणं), पाणी दिवसाला १ लिटर. चार्ट बघता हात धजावत नाही.

न्यूरो आयसीयू, एरंडवणे
सिस्टर, पाणी तोडण्याआधी डॉक्टरांना फोन लावा आणि हेच आकडे वाचून दाखवा. एसआयएडीएचमध्ये शरीर पाणी धरून ठेवतं. इथे दीड लिटर जास्तीचं बाहेर गेलंय. किडनी मीठ सोडतेय, मिठामागे पाणी जातंय. हे सेरेब्रल सॉल्ट वेस्टिंग वाटतं. युरिन सोडियम दोन्हींत ४० च्या वर येतं, त्यामुळे त्या रिपोर्टवर भांडण मिटत नाही. इनटेक-आउटपुट, रोजचं वजन, नाडी, बीपी यांवर मिटतं.

साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसात मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. त्यात पाणी तोडलं तर आकसलेल्या नळीतून पुढे रक्त पोचत नाही आणि इन्फार्क्ट होतो (रक्ताअभावी मेंदूचा भाग मरतो). म्हणून या आजारात एसआयएडीएच असलं तरी पाणी तोडत नाहीत. बोलणं मंदावलं ते नुसतं सोडियममुळे असं धरू नका, डॉप्लर किंवा सीटी अँजिओ (मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या तपासण्या) आजच मागा.

सहसा असं करतात: गेलेलं पाणी नॉर्मल सलाइनने भरायचं, थ्री पर्सेंट सलाइन (३% मिठाचं पाणी) तासाला २०-३० मिलीने, सोडियम दर ४-६ तासांनी. झटका आला किंवा शुद्ध हरपू लागली तर थ्री पर्सेंट १००-१५० मिली, १०-२० मिनिटांत. सोडियम चोवीस तासांत ८ पेक्षा जास्त चढू द्यायचं नाही, नाहीतर ऑस्मोटिक डिमायलिनेशनची (मेंदूतल्या नसांचं आवरण खराब होण्याची) भीती. फ्लुड्रोकॉर्टिसोन (किडनीला मीठ धरून ठेवायला लावणारं औषध) ०.१ ते ०.२ मिग्रॅ दिवसातून दोनदा देतात; त्याने पोटॅशियम उतरतं, तेही तपासा. निमोडिपिन (रक्तवाहिन्या आकसल्याने होणारं नुकसान टाळणारं औषध) ६० मिग्रॅ दर ४ तासांनी चालूच राहतं. बीपी पडलं तर डॉक्टर ३० मिग्रॅ दर २ तासांनी करतात.

आयसीयू इनचार्ज, हडपसर
सॅम्पल ड्रिपच्या हातातून घेऊ नका. एकदा एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) मशीनचा आकडा, एकदा लॅबचा, असं केलं की चढ-उतार खोटा दिसतो. एकच धरा. शुगर ३०० च्या वर असेल तर सोडियम आहे त्याहून कमी दिसतं.

आता लपलेलं पाणी शोधा. अँटिबायोटिक ५% डेक्स्ट्रोजमध्ये (साखरेच्या पाण्यात, ज्यात मीठ नसतं) जातंय का? रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) दर दोन तासांनी ५० मिली साध्या पाण्याने धुतली की दिवसाचे ६०० मिली झाले, आणि ते चार्टवर कुणी लिहीत नाही! ट्यूबमधून मीठ द्यायचं ठरलं तर वजन करून द्या: १ ग्रॅम म्हणजे १७ मिलिइक्विव्हॅलंट सोडियम. थ्री पर्सेंटच्या १०० मिली बाटलीत ५१.

स्टाफ नर्स, सिंहगड रोड
फोन केला, ऑर्डर बदलली. नातेवाईक विचारतायत, सोडियम कमी म्हणजे जिवाला धोका का?

न्यूरो आयसीयू, एरंडवणे
वेळेत सावरलं तर बहुतेकदा मुक्काम लांबतो, एवढंच. जास्त वाईट खूण वर चढलेल्या सोडियमची, १५० च्या पुढे तर फारच. मॅनिटॉल (मेंदूची सूज उतरवणारं औषध), थ्री पर्सेंटचा अतिरेक किंवा डायबेटिस इन्सिपिडस (किडनी पाणी धरू न शकल्याने खूप पातळ लघवी होणं), यांनी ते चढतं. लघवी पाण्यासारखी आणि सलग दोन तास २५० मिलीच्या वर गेली, तर पुढच्या सॅम्पलची वाट न बघता लगेच सोडियम पाठवा.