सतराव्या वर्षी मैत्रिणींबरोबर परदेशप्रवास : आरक्षणाआधी काय पाहावे?

प्रश्न

शाळेची शेवटची परीक्षा झाल्यावर आम्ही चार मैत्रिणी दहा दिवसांसाठी परदेशी जाण्याचा बेत आखत आहोत. आई-वडिलांपैकी कोणीही बरोबर नसेल. तिघींना तोवर अठरा वर्षे पूर्ण झाली असतील. मी मात्र सतरा वर्षे आठ महिन्यांची असेन. सध्या विमानाची तिकिटे स्वस्त दिसत असल्याने मैत्रिणी आरक्षणाची घाई करीत आहेत. घरून थेट नकार नाही, परंतु बाबा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात : "काही झाले तर तिथे तुमचे कोण आहे?" याचे उत्तर मला केवळ त्यांच्या समाधानासाठी नव्हे, तर स्वतःसाठीही हवे आहे. माझ्या वयामुळे नेमके कुठे अडू शकते आणि पैसे भरण्यापूर्वी काय निश्चित करावे, हे कृपया सांगावे.

पहिले उत्तर

मी अनेक वर्षे प्रवासाच्या आरक्षणाचे काम केले आहे, त्यामुळे प्रथम एक विनंती करतो : तिकिटांना आज हात लावू नका. तिघी सज्ञान असल्या, तरी हा प्रवास नियमांच्या दृष्टीने तुमच्या वयावरच बेतावा लागेल. तुमची मैत्रीण अठरा वर्षांची आहे म्हणून ती तुमची पालक ठरत नाही.

सर्वांत आधी पासपोर्ट पाहा. अनेक देशांना प्रवेशाच्या दिवसापासून पुढे सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते. युरोपातील शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात) परतीच्या दिवसानंतर किमान तीन महिन्यांची मुदत आणि गेल्या दहा वर्षांत दिलेला पासपोर्ट अशी अट आहे. लहानपणी काढलेल्या पासपोर्टची मुदत बहुधा कमी असते, आणि हे अनेकांच्या लक्षात विमानतळावरच येते.

त्यानंतर संमतिपत्र. दोन्ही पालकांच्या सह्या, त्यांचे दूरध्वनी क्रमांक, प्रवासाच्या तारखा, राहण्याचे पत्ते आणि बरोबरच्या मैत्रिणींची नावे त्यात असावीत. शक्य असल्यास ते नोटरीसमोर करून घ्यावे. कॅनडाचे सरकार तर अशा पत्राचा नमुनाच आपल्या नागरिकांना उपलब्ध करून देते. पत्रात एक वाक्य आवर्जून घाला : आजारपणात किंवा अपघातात उपचार करण्यास पालकांची संमती आहे. तातडीच्या वेळी डॉक्टर सहीवाचून थांबत नाहीत, पण साध्या उपचारांना मात्र अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान नसलेल्या, रुग्णाच्या पालकांची संमती विचारली जाऊ शकते.

शेंगेन व्हिसा लागणार असेल, तर अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निर्णयाला साधारण १५ दिवस, क्वचित ४५ दिवसही लागतात. अज्ञान अर्जदाराच्या अर्जावर पालकांची सही लागते आणि किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा सर्वांनाच लागतो.

माझे मत विचाराल, तर चार महिने थांबून सर्वजणी सज्ञान झाल्यावर जाणे अधिक सोपे होईल.

दुसरे उत्तर

वरील माहिती मोलाची आहे, परंतु थांबण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. परीक्षेनंतर प्रत्येकीची वाट वेगळी होते आणि चौघींना एकत्र सुटी मिळेलच असे नाही. मी गेल्या वर्षी मित्रांबरोबर गेलो होतो, तेव्हा माझे वयही सतराच होते. सीमेवर काहीही अडचण आली नाही. अडचण आली ती हॉस्टेलच्या स्वागतकक्षात.

रात्री सव्वाअकरा वाजता आम्ही पोहोचलो. तेथील बाईंनी चौघांचे पासपोर्ट ओळीने मांडले, माझ्या जन्मतारखेखाली पेनाचे टोक टेकवले आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीला सामायिक खोलीत राहता येणार नाही, असे शांतपणे सांगितले. ही अट आरक्षणाच्या पानावर सर्वांत खाली लिहिलेली होती आणि आम्ही कोणीही ती वाचली नव्हती. पैसे परत मिळाले नाहीत. भिंतीकडे ठेवलेल्या पाठपिशव्या पुन्हा खांद्यावर चढवून आम्ही पाऊण तास दुसरी जागा शोधत हिंडलो. शेवटी एका हॉटेलने माझ्या आईशी फोनवर बोलून खोली दिली.

म्हणून राहण्याच्या प्रत्येक ठिकाणी आपले वय स्पष्ट लिहून आधी ईमेल पाठवा आणि आलेले उत्तर छापून जवळ ठेवा. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचेल असेच विमान निवडा, ते थोडे महाग पडले तरी चालेल.

तिसरे उत्तर

मी एका मुलीची आई आहे आणि तुमच्या बाबांचा प्रश्न मलाही पडला होता, म्हणून त्याच्यापुरतेच लिहिते.

तिथे तुमचे कोण आहे, याचे पहिले उत्तर म्हणजे तुमच्या देशाचा दूतावास. १९६३ च्या व्हिएन्ना या आंतरराष्ट्रीय करारानुसार परदेशातील आपल्या नागरिकांना मदत करणे हे वाणिज्य दूतावासाचे, म्हणजे नागरिकांची कामे पाहणाऱ्या कार्यालयाचे, काम आहे आणि अज्ञान मुलांच्या हितरक्षणाचा त्यात स्वतंत्र उल्लेख आहे. पासपोर्ट हरवल्यास तात्पुरता प्रवासदाखला तेथेच मिळतो. हॉटेलचे किंवा रुग्णालयाचे बिल मात्र दूतावास भरत नाही. त्यासाठी विमा असतो. विमा कंपनीचा चोवीस तास चालणारा मदत क्रमांक आणि पॉलिसीचा क्रमांक प्रत्येकीजवळ कागदावर लिहिलेला असावा, कारण संकटात नेमका फोनच हरवलेला असतो. युरोपीय संघातील कोणत्याही देशात तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक चालतो.

विम्यातील अपवाद बाबांबरोबर बसून वाचा. भाड्याची स्कूटर योग्य परवान्याविना चालवताना किंवा मद्यप्राशनानंतर अपघात झाला, तर बहुतेक पॉलिसी दावा नाकारतात. नेहमीची औषधे घेणार असाल, तर त्यांचे नियमही तपासा. कोडीनसारख्या वेदनाशामक औषधावर संयुक्त अरब अमिरातीत कडक निर्बंध आहेत.

पैशांसाठी दोन वेगळी कार्डे दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. पैसे काढताना किंवा कार्डाने देताना यंत्राने घरच्या चलनात रक्कम घेऊ का असे विचारल्यास स्थानिक चलनच निवडा, अन्यथा बहुधा महाग दराने पैसे कापले जातात.

राहता राहिला फोन. दर तासाला खुशाली कळवण्याची अट माझ्या मुलीने मान्य केली नाही आणि ते योग्यच होते. रोज रात्री मुक्कामी पोहोचल्यावर एक संदेश, आणि तो न आल्यास आम्ही आधी कोणत्या मैत्रिणीला फोन करायचा हे ठरलेले, एवढ्यावर आमचे जमले.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री पासपोर्ट काढून पाहिला. परतीनंतर त्याची जेमतेम सात आठवड्यांची मुदत उरते. नूतनीकरणाचा अर्ज बाबांनीच माझ्याबरोबर बसून भरला. तिकिटे नवा पासपोर्ट हाती आल्यावरच काढायची, हे मैत्रिणींनीही मान्य केले आहे. तोवर निवडलेल्या तीन हॉस्टेलांना माझ्या वयाबद्दल ईमेल पाठवले असून त्यांपैकी एकाने चौघींसाठी स्वतंत्र खोली आणि पालकांचे पत्र, या अटीवर होकार कळवला आहे.