पेगइंटरफेरॉन चालू असताना चिडचिड, झोप नाही. इंजेक्शन थांबवावं का?

देवगडकर: भावाला जुनाट हिपॅटायटिस बी. पेगइंटरफेरॉन १८० मायक्रोग्रॅम, आठवड्याला एक, ४८ आठवडे. सहा झाली. पहाटे जाग येते, कशावरूनही भडकतो, कुणाशी धड बोलत नाही. घरचे म्हणतात देवाला गाऱ्हाणं घाला. इंजेक्शन थांबवू का?

यकृतमित्र: गाऱ्हाणं खुशाल घाला, पण इंजेक्शन परस्पर थांबवू नका आणि हे अंगावरही काढू नका. हा औषधाचाच परिणाम असू शकतो. बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत दिसतो.

पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची चाचणी दर आठवड्याला भरून घ्या. २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांचा. तिथे शून्य सोडून काहीही आलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, एकटं ठेवू नका, शेतीची औषधं कुलपात टाका.

नैराश्य मध्यम असेल तर डोस १३५ किंवा ९० वर आणतात, जोडीला एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालीन या नैराश्यावरच्या गोळ्या. यकृत दुखावलेलं असताना एस्सिटालोप्राम सहसा दिवसाला १० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. गोळ्या लागू पडायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून उशीर नको. या गोळ्यांनी रक्तस्रावाची शक्यता वाढते आणि इंटरफेरॉनने प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) उतरतात; तेव्हा आयब्युप्रोफेन ही वेदनाशामक गोळी बंद. नैराश्य तीव्र असेल तर डॉक्टरच इंटरफेरॉन कायमचं थांबवतात. हिपॅटायटिस बी साठी टेनोफोविर, एन्टेकाविर या गोळ्या आहेतच. थांबवल्यावरही काही महिने मनावर आणि यकृताच्या तपासण्यांवर लक्ष हवं.

रत्नांग्रीकर: आधी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी करा! इंटरफेरॉनने थायरॉइड बिघडतं. थायरॉइडचं काम वाढलं तर चिडचिड आणि धडधड, घटलं तर मरगळ. नुसत्या मनाच्या गोळ्यांनी ते सुटत नाही.

मेडिकलमधून झोपेची गोळी आणू नका. सिरोसिस (यकृत कडक होऊन आकसणं) असेल तर तिने भ्रम होतो. दिवसा झोप, रात्री जागरण, बोलण्यात गोंधळ आणि पुढे केलेले हात फडफडणं असं दिसलं तर ते नैराश्य नव्हे, यकृताचा मेंदूवरचा परिणाम, तातडीने न्या. काविळीचा झाडपाला चालू असेल तर तोही डॉक्टरांना सांगा.

देवगडकर: टीएसएच उद्याच करतो. मानसोपचारतज्ज्ञ जवळ नाही.

यकृतमित्र: टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. प्रत्यक्ष दाखवायला रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय. जाताना इंजेक्शनच्या तारखा आणि पीएचक्यूचे कागद न्या.