बबल टिपचे दोन झाले, एकाचं तोंड उघडं राहिलंय. वेगळा करू का?

संत्राबाग_वरुड

नमस्कार मंडळी. मी वरुड तालुक्यातला. मुंबईत सात वर्षं माशांच्या दुकानात कामाला होतो. बाबांना लकवा मारला म्हणून गावी परतलो. येताना माझी २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी संत्री खाली करून परतणाऱ्या गाडीत, रिकाम्या क्रेटच्या मधात बसवून आणली. तिच्यात क्लाउन फिशची जोडी आणि एक लाल बबल टिप ॲनिमोन, म्हणजे समुद्रफूल आहे. जोडी त्याच्यातच बसते. गावी येऊन तीन वर्षं झाली, तो चांगला ताटलीएवढा झाला होता.

मागच्या सोमवारी सकाळी अकराला लाइन गेली ती संध्याकाळी सहाला आली. इन्व्हर्टरवर बाबांचा एअर बेड असतो, तो काढून टाकी लावणं शक्य नव्हतं. पाणी ३१ डिग्रीवर गेलं. मी घाबरलो आणि रात्रीच ८० लिटर पाणी बदलून टाकलं. बुधवारी सकाळी पाहतो तर ॲनिमोनचा पाय दोन्हीकडे ओढलेला, मधात कणीक ताणावी तसा पातळ. दिवेलागणीपर्यंत त्याचे दोन झाले. एक जुन्या खोबणीतच आहे. दुसरा सरकत सरकत मागच्या काचेवर गेलाय, वेव्हमेकरपासून (पाणी हलवणाऱ्या पंख्यापासून) वीतभर अंतरावर. त्याचं तोंड उघडं आहे, फाटलेल्या बाजूने पांढऱ्या दोऱ्या लोंबतात. जोडीतली मादी या दोघांच्या मधात सारखी फेऱ्या मारते, धड कोणातच बसत नाही.

त्याला काढून वेगळ्या डब्यात ठेवू का? कोळंबीचा तुकडा देऊ का? नागपूरच्या एका ओळखीच्याने एक मागितलाय, त्याला आत्ताच देऊन टाकू का? इकडे विचारायला दुसरं कोणी नाही. रात्री दोन-दोनदा उठून टॉर्च मारून पाहतो.

खाडीकाठ

दादा, पहिलं म्हणजे त्याला हात लावू नका. काचेवरून सोडवायला जाल तर पाय फाटेल, आणि आत्ता त्याची जखम तिथेच आहे. डब्यात तर मुळीच नको. इतक्या थोड्या पाण्याचं तापमान आणि खारटपणा तासाभरात बदलतो.

बबल टिप असा उभा फाटून दोन होतो, ही त्याची वाढायची रीतच आहे. खाऊनपिऊन मोठा झाला की होतो, तसा धक्का बसला तरी होतो. तुमच्याकडे एकाच दिवशी दोन धक्के बसले, दिवसभराची उष्णता आणि वर रात्री ८० लिटर नवं पाणी. पुढच्या वेळी २० लिटरच्या वर जाऊ नका, आणि नवं पाणी टाकीच्याच तापमानाला आणून मग ओता.

पांढऱ्या दोऱ्या म्हणजे त्याच्या पोटातल्या पडद्यांच्या कडा. फाटलेल्या जागेतून त्या दिसणारच. जखम साधारण आठवड्यात मिटते आणि तोंडही हळूहळू गोल होतं. तोवर खायला काही नको. अर्धवट तोंडाने घेतलेला तुकडा पोटात सडतो. त्याच्या अंगातलं शैवाल उजेडावर अन्न तयार करतं, त्यामुळे एवढ्यात तो उपाशी मरत नाही. आठवड्यानंतर वाटाण्याएवढी कोळंबी द्या. ओढून घेतली तर ठीक, सोडून दिली तर लगेच उचला.

आज करायचं काम एकच. वेव्हमेकरला जाड स्पंजची टोपी घाला किंवा काही दिवस त्याची बाजू बदला. सरकणारा ॲनिमोन त्यात ओढला गेला तर त्याचा चुरा होतो आणि अख्खी टाकी नासते.

वाईट लक्षण वासावरून कळेल. अंग विरघळल्यासारखं लिबलिबीत झालं, कुजका वास आला, तर त्याच मिनिटाला बाहेर काढा. नुसता आक्रसला असेल तर थांबा. नागपूरकरांना महिनाभर तरी देऊ नका.

लाइन जाते म्हणून धीर सोडू नका. स्कॉटलंडमध्ये सर जॉन डॅलियेल यांनी १८२८ साली किनाऱ्यावरून आणलेलं एक समुद्रफूल बरणीत १८८७ पर्यंत जगलं होतं. जात वेगळी, थंड पाण्यातली, पण विजेचा पंप तेव्हा कुठे होता? माणसं हातानेच समुद्राचं पाणी बदलत होती.

यवतमाळची_माई

भाऊ, वरुड म्हटलं की संत्रा, आणि या दिवसांत झाडाच्या बुंध्याला बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप. म्हणून विचारते, मीठ कशात कालवता आणि कशाने ढवळता? मोरचूद म्हणजे तांबं. माशाला एकवेळ सोसेल, ॲनिमोनला थोडंही सोसत नाही. माझ्या घरी फवारणीच्या बादलीत एकदाच पाणी धरलं आणि टाकीतले सगळे झिंगे एका रात्रीत गेले. बादली धुतली होती, तरी.

दुसरं, जारचं पाणी वापरत असाल तर टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, मोजा. प्लांटवाले चवीसाठी बोअरचं पाणी मिसळतात. टाकीला शून्याच्या जवळचं पाणी लागतं. उडालेल्या पाण्याच्या जागी साधं आरओच टाकायचं, मिठाचं नाही. मीठ उडत नाही, ते आतच राहतं.

लाइनचं म्हणाल तर फवारणी पंपाला १२ व्होल्टची बॅटरी असते. तशी एक नवीन घ्या, पंपातली वापरू नका. तिच्यावर छोटा डीसी पंखा पाण्यावर आडवा लावा, सोबत हवेचा पंप. आता हवा कोरडी आहे, दोन-तीन डिग्री सहज उतरतात.

संत्राबाग_वरुड

माई, तुमचं वाचलं आणि उठून मागच्या पडवीत गेलो. ड्रम वेगळा आहे, ती काळजी मी पहिल्यापासून घेतली. पण ढवळायची वेळूची काडी बागेतलीच होती. पाण्याने धुतलेली म्हणून स्वच्छ समजत होतो. उजेडात धरली तर पेराच्या खाचेत निळसर पूड बसलेली. मे महिन्यात डिंक्यासाठी (बुंध्यातून डिंक गळण्याच्या रोगासाठी) एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी असं मीच त्याच काडीने कालवलं होतं. माझे हातपाय गळाले.

फिल्टरमधला कार्बन बदलला. अमरावतीहून तांब्याची टेस्ट किट मागवली. जारच्या पाण्याचं टीडीएस ११० निघालं. ते बंद केलं, आता घरी छोटा आरओ लावतो आहे.

खाडीकाठ

कार्बन आठवड्याने पुन्हा बदला. तांबं दगडात धरून बसतं आणि मग थोडं थोडं सुटतं, म्हणून टेस्ट एकदा करून थांबू नका. दोघेही आत्तापर्यंत टिकलेत, म्हणजे गेलं असलं तरी फार गेलेलं नाही.

संत्राबाग_वरुड

आज अकरावा दिवस. दोन्ही टेस्टमध्ये तांब्याचा रंग आला नाही. काचेवरचा आपणहून खाली उतरला आणि दगडाच्या सावलीत पाय रोवून बसला. तोंड परवा मिटलं. काल कोळंबीचा एवढासा तुकडा दिला, पाच-सहा बोटांनी धरला आणि सावकाश आत ओढला. मी आईला हाक मारून दाखवला. काल दुपारी दोन तास लाइन नव्हती, पंखा बॅटरीवर चालला, पाणी २७ च्या वर गेलं नाही. मादी दिवसा दोन्हीकडे जाते, रात्री मात्र जुन्याच खोबणीत नराजवळ असते. नागपूरच्या माणसाला दिवाळीनंतर बघू म्हणून कळवलंय.